फ्रॅजाइल एक्स संलक्षण

फ्रॅजाइल एक्स संलक्षण हा एक्स गुणसूत्रातील बदलामुळे होणारा, पिढ्यान्‌पिढ्या संक्रमित होणारा एक दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे. वंशपरंपरेने येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचे हे जगभरातील सर्वाधिक आढळणारे कारण मानले जाते. स्वमग्नतेशी संबंधित असलेल्या, एकाच जनुकातील दोषामुळे होणाऱ्या विकारांतही त्याचा क्रमांक वरचा आहे. या विकारात बालकाचा बौद्धिक, भाषिक व सामाजिक विकास मंदावतो. मुलांमध्ये लक्षणे ठळक असतात, तर मुलींमध्ये ती बहुधा सौम्य असतात. सुमारे ४,००० ते ७,००० पुरुषांमागे एकास आणि सुमारे ८,००० ते ११,००० स्त्रियांमागे एकीस हा विकार असतो, असे अंदाज आहेत. विकार सर्व वंशांत व सर्व देशांत आढळतो. या विकारास मार्टिन-बेल संलक्षण असेही नाव आहे.

नाव

‘फ्रॅजाइल’ म्हणजे ठिसूळ किंवा नाजूक. रुग्णाच्या पेशी प्रयोगशाळेत विशिष्ट द्रवात वाढवल्या असता, काही पेशींतील एक्स गुणसूत्राचे लांब भुजेकडील टोक तुटून लोंबकळत असल्यासारखे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. या ठिसूळ भासणाऱ्या जागेवरून विकारास हे नाव पडले. प्रत्यक्षात गुणसूत्र शरीरात तुटत नाही. दोष त्या जागी असलेल्या एका जनुकात असतो. त्यामुळे ओळख गुणसूत्रावरून झाली असली, तरी काटेकोरपणे पाहता हा एकाच जनुकाचा विकार आहे.

इतिहास

१९४३ मध्ये जेम्स पर्डन मार्टिन आणि ज्यूलिया बेल या ब्रिटिश संशोधकांनी एका कुटुंबाची वंशावळ प्रसिद्ध केली. त्या कुटुंबातील दोन पिढ्यांत ११ पुरुषांना तीव्र बौद्धिक अक्षमता होती आणि ती मातांकडून मुलग्यांकडे येत असल्याचे दिसत होते. बौद्धिक अक्षमता लिंगगुणसूत्राशी निगडित असू शकते, हे दाखवणारे हे आरंभीचे महत्त्वाचे काम होय.

१९६९ मध्ये अमेरिकेतील हर्बर्ट लब्स यांना अशाच एका कुटुंबातील पुरुषांच्या एक्स गुणसूत्रावर वेगळी खूण आढळली. मात्र अन्य प्रयोगशाळांना ती नेहमी दिसत नसे. या कोड्याचा उलगडा ऑस्ट्रेलियातील ग्रँट सदरलँड यांनी १९७७ मध्ये केला. पेशी वाढवण्याच्या द्रवात फोलिक आम्लाचे प्रमाण कमी असेल तरच ती खूण प्रकट होते, हे त्यांनी दाखवले. त्यानंतर गुणसूत्र तपासून निदान करणे शक्य झाले.

तरीही एक गोष्ट वंशशास्त्राच्या नेहमीच्या नियमांत बसत नव्हती. काही पुरुष स्वतः पूर्ण निरोगी असत, त्यांच्या मुलीही निरोगी असत, पण त्या मुलींच्या पोटी विकारग्रस्त मुले जन्मत. पिढी पुढे सरकावी तसा विकाराचा धोका वाढत जाई. स्टेफनी शर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास हे आकडेवारीने मांडले, म्हणून त्यास ‘शर्मन विरोधाभास’ म्हणतात. १९९१ मध्ये विकारास कारणीभूत असलेले एफएमआर१ हे जनुक सापडले आणि विरोधाभासाचे उत्तरही त्या जनुकाच्या रचनेतच मिळाले.

कारण

एफएमआर१ जनुक एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाजवळ असते. या जनुकाच्या आरंभीच्या भागात सायटोसीन, ग्वानीन, ग्वानीन ही तीन अक्षरे, म्हणजेच ‘सीजीजी’ हा तुकडा, एकापुढे एक अनेकदा येतो. पाठ लिहिताना एकच शब्द पुन्हापुन्हा लिहिला जावा, तशी ही रचना आहे. थोडी पुनरावृत्ती सर्वांमध्येच असते व ती निरुपद्रवी असते. पुनरावृत्तींच्या संख्येवरून चार गट केले जातात :

- सामान्य : सुमारे ५ ते ४४ पुनरावृत्ती.
- मध्यवर्ती : ४५ ते ५४ पुनरावृत्ती. व्यक्तीला त्रास नसतो. पुढील पिढ्यांत संख्या किंचित वाढू शकते.
- पूर्व-उत्परिवर्तन : ५५ ते २०० पुनरावृत्ती. व्यक्ती वाहक असते.
- पूर्ण उत्परिवर्तन : २०० पेक्षा अधिक पुनरावृत्ती. या अवस्थेत फ्रॅजाइल एक्स संलक्षण होते.

पुनरावृत्ती २०० च्या पुढे गेल्या की जनुकाच्या त्या भागावर मेथिल गटांचे थर चढतात. या प्रक्रियेस मेथिलीकरण म्हणतात. त्यामुळे जनुक जागेवर असूनही मूक होते आणि त्याच्यापासून तयार होणारे एफएमआरपी हे प्रथिन बनत नाही किंवा फारच थोडे बनते.

एफएमआरपी हे प्रथिन मेंदूतील चेतापेशींमध्ये विपुल असते. दोन चेतापेशी जेथे एकमेकींशी संदेशांची देवाणघेवाण करतात, त्या चेतासंधींजवळ नवी प्रथिने केव्हा व किती तयार व्हावीत यावर ते नियंत्रण ठेवते. त्याचे काम बहुतांशी लगाम घालण्याचे आहे. लगाम सुटला की चेतासंधींवर प्रथिनांची निर्मिती अवाजवी होते आणि अनुभवानुसार चेतासंधी बळकट वा क्षीण होण्याची प्रक्रिया बिघडते. शिकणे व लक्षात ठेवणे हे याच प्रक्रियेवर अवलंबून असते. विकारग्रस्त व्यक्तींच्या चेतापेशींवरील सूक्ष्म काटेरी उंचवटे संख्येने अधिक, लांब, बारीक व अपरिपक्व दिसतात.

आनुवंशिकता

स्त्रीला दोन एक्स गुणसूत्रे असतात, तर पुरुषाला एक एक्स व एक वाय. पुरुषाचे एकमेव एक्स गुणसूत्र सदोष असेल तर उणीव भरून काढण्यास दुसरे नसते, म्हणून मुलग्यांमध्ये विकार तीव्र असतो. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र कार्यरत असते. निरोगी एक्स कार्यरत असलेल्या पेशींचे प्रमाण किती, यावर तिच्यातील लक्षणांची तीव्रता बरीचशी अवलंबून असते.

वाहक मातेकडून बदललेले एक्स गुणसूत्र प्रत्येक अपत्याकडे, मग तो मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता ५० टक्के असते. वाहक पिता ते आपल्या सर्व मुलींना देतो आणि मुलग्यांपैकी एकालाही देत नाही, कारण मुलग्यांना पित्याकडून वाय गुणसूत्र मिळते.

पुनरावृत्तींची संख्या एका पिढीतून दुसरीत जाताना स्थिर राहत नाही. पूर्व-उत्परिवर्तनाचे पूर्ण उत्परिवर्तनात रूपांतर केवळ मातेकडून संक्रमण होताना घडते. वाहक पित्याच्या मुली वाहकच राहतात. मातेतील पुनरावृत्ती ५९ पर्यंत असतील तर असे रूपांतर क्वचितच होते, मात्र १०० च्या पुढे असतील तर बदललेले गुणसूत्र मिळालेल्या अपत्यात ते जवळजवळ नेहमी होते. पुनरावृत्तींच्या मालिकेत अधूनमधून येणारे ‘एजीजी’ हे तुकडे मालिकेला स्थैर्य देतात. शर्मन विरोधाभासाचे उत्तर हेच आहे : निरोगी आजोबा हा वाहक, त्याची निरोगी मुलगीही वाहक, आणि तिच्याकडून नातवाकडे जाताना मालिका वाढून विकार प्रकट होतो.

विकारास आईवडिलांपैकी एकाकडून आलेले एकच बदललेले गुणसूत्र पुरेसे असते. त्यामुळे नात्यातील विवाह हे त्याचे कारण नाही. गरोदरपणातील आहार, ग्रहण, मानसिक धक्का किंवा बालकाचे संगोपन यांचाही विकाराच्या उत्पत्तीशी संबंध नाही. सदोष गुणसूत्र आईकडून आले, म्हणून आईला दोष देणे शास्त्रदृष्ट्या निराधार आहे. तिला ते तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून, तिच्या नकळत मिळालेले असते.

विकासावरील परिणाम

शैशव : जन्मतः बालक बहुधा सर्वसामान्य दिसते. स्नायू किंचित शिथिल असणे, दूध पिताना अडचण येणे, वारंवार कानाचा संसर्ग होणे, अशा किरकोळ तक्रारी आढळतात. बसणे, रांगणे व चालणे उशिरा होते. पालकांची काळजी वाढते ती बहुधा बोलणे लांबल्यामुळे. दुसरे वर्ष उलटले तरी शब्द फुटत नाहीत किंवा मोजकेच शब्द येतात.

शालेय वय : बोलणे सुरू झाल्यावर ते घाईचे, अडखळते व एकच वाक्य पुन्हापुन्हा उच्चारणारे असते. नजरेला नजर देणे टाळणे, हात फडफडवणे, हाताला चावणे, गर्दी, गोंगाट वा अनपेक्षित स्पर्श सहन न होणे ही वर्तनलक्षणे वारंवार दिसतात. नजर टाळणे हे अनास्थेचे लक्षण नसते. या मुलांना माणसांची ओढ असते, पण त्यांची चेतासंस्था लवकर उद्दीपित होते आणि नजरभेटही त्यांना असह्य वाटते. अतिचंचलता, एकाग्रतेचा अभाव व चिंता सर्रास आढळते. विकारग्रस्त मुलग्यांपैकी सुमारे निम्म्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे निकष पूर्ण होतात.

पौगंडावस्था व प्रौढपण : लांबट चेहरा, मोठे व पुढे आलेले कान, ठळक कपाळ व हनुवटी ही शारीरिक वैशिष्ट्ये वयानुसार स्पष्ट होतात. बोटांचे सांधे अतिलवचिक असतात, तळपाय सपाट असतात आणि वयात आल्यावर मुलग्यांमध्ये वृषणांचा आकार वाढतो. संयोजी ऊतीच्या शिथिलतेमुळे काहींमध्ये हृदयाच्या झडपेचा दोष उद्भवतो. तिरळेपणा आणि अपस्माराचे झटके हेही काही रुग्णांत आढळतात. झटक्यांचे प्रमाण वाढत्या वयात बहुधा कमी होते. पूर्ण उत्परिवर्तन असलेल्या बहुतेक पुरुषांना मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता असते व त्यांना आयुष्यभर काही ना काही आधार लागतो. आयुर्मान मात्र साधारणपणे इतरांसारखेच असते.

सामर्थ्ये : या मुलांच्या क्षमता सर्व क्षेत्रांत सारख्याच कमी नसतात. गणित, पायऱ्यापायऱ्यांनी करावयाची कामे आणि ऐकलेल्या सूचना क्षणभर लक्षात ठेवणे त्यांना कठीण जाते. उलट पाहिलेल्या गोष्टींची स्मृती, अनुकरण, आवडीच्या विषयांची माहिती, विनोदाची जाण आणि दैनंदिन व्यवहारातील कौशल्ये यांत ती तुलनेने पुढे असतात.

मुली : पूर्ण उत्परिवर्तन असलेल्या मुलींपैकी सुमारे एकतृतीयांश ते निम्म्या मुलींना बौद्धिक अक्षमता किंवा तिच्या सीमेवरील अडचणी असतात. उरलेल्यांची बुद्धिमत्ता सर्वसाधारण असली, तरी गणितातील कच्चेपणा, पराकोटीचा लाजाळूपणा व सामाजिक चिंता आढळते. शांत मुलगी म्हणून वर्गात त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

वाहकांमधील विकार

पूर्व-उत्परिवर्तन असलेल्या व्यक्ती पूर्णतः निरोगी असतात असे पूर्वी मानले जाई. सुमारे १५० ते ३०० स्त्रियांमागे एक स्त्री आणि सुमारे ४०० ते ८५० पुरुषांमागे एक पुरुष वाहक असतो. वाहकांमध्ये जनुक मूक नसते. उलट ते प्रमाणाबाहेर आरएनए तयार करते व हा अतिरिक्त आरएनए पेशींना घातक ठरतो, असे मानले जाते.

सुमारे २० टक्के वाहक स्त्रियांमध्ये बीजकोशांचे कार्य वयाच्या चाळिशीपूर्वीच मंदावते. मासिक पाळी अनियमित होते वा लवकर थांबते आणि वंध्यत्वाची समस्या उद्भवू शकते. वाहक पुरुषांपैकी काहींना पन्नाशीनंतर हातांचा कंप, चालताना तोल जाणे आणि पुढे स्मृती व निर्णयशक्ती क्षीण होणे असा विकार जडतो. रँडी व पॉल हॅगरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तो प्रथम वर्णिला. वाहक स्त्रियांमध्येही तो आढळतो, पण कमी प्रमाणात.

यामुळे एकाच कुटुंबातील तीन वेगवेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ एक असू शकते : नातवाचे न बोलणे, मावशीची अकाली थांबलेली पाळी आणि आईच्या वडिलांचा कंप. तिघे तीन निराळ्या तज्ज्ञांकडे जातात आणि तिन्ही धागे एकत्र जोडले जात नाहीत. म्हणून उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या तपासणीत त्याच्या आईच्या माहेरच्या कुटुंबाची माहिती विचारणे महत्त्वाचे ठरते.

निदान

केवळ चेहऱ्यावरून किंवा वर्तनावरून निदान होत नाही. रक्ताच्या नमुन्यातील डीएनएमध्ये सीजीजी पुनरावृत्तींची संख्या मोजून निदान निश्चित केले जाते. त्यासाठी पीसीआर ही पद्धत आणि मेथिलीकरण पाहण्यासाठी सदर्न ब्लॉट ही पद्धत वापरतात. नेहमीच्या गुणसूत्र-तपासणीत व मायक्रोअ‍ॅरे चाचणीत हा दोष उघडकीस येत नाही. ‘गुणसूत्रे सामान्य आहेत’ असा अहवाल हाती असूनही मुलास हा विकार असू शकतो. काही व्यक्तींच्या सर्व पेशींत पुनरावृत्तींची संख्या वा मेथिलीकरण सारखे नसते. अशांमध्ये लक्षणे तुलनेने सौम्य असू शकतात.

कारण स्पष्ट नसलेली विकासातील मंदता, बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या बालकाची ही चाचणी करावी, अशी शिफारस केली जाते. अमेरिकेतील पालकांच्या एका पाहणीनुसार मुलग्यांचे निदान सरासरी तीन वर्षांच्या सुमारास झाले होते आणि सुमारे एकचतुर्थांश कुटुंबांत पहिल्या मुलाचे निदान होण्यापूर्वीच पूर्ण उत्परिवर्तन असलेले दुसरे अपत्य जन्मले होते. निदानाला लागणारा विलंब संपूर्ण कुटुंबाच्या निर्णयांवर परिणाम करतो, हे यावरून दिसते.

जनुकीय समुपदेशन

एका बालकाचे निदान झाले की आई, मावश्या, मामा, भावंडे व मावस-मामे भावंडे यांच्यापैकी कोण वाहक असू शकेल, हे वंशावळीवरून सांगता येते. समुपदेशकाचे काम माहिती देण्याचे असते, निर्णय लादण्याचे नसते. आपल्या मुलाचा आजार नातलगांना सांगणे अनेक कुटुंबांना अवघड जाते. विवाह जुळण्यात अडथळा येईल ही भीतीही त्यामागे असते. परंतु माहिती दडवल्यास ज्या नातेवाईक स्त्रीला अपत्याचा निर्णय घ्यायचा आहे तिची ती संधी हिरावली जाते.

वाहक स्त्रीच्या गर्भाची चाचणी गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भवेष्टनाच्या उतीवरून किंवा पुढे गर्भजलावरून करता येते. मुलीच्या गर्भात पूर्ण उत्परिवर्तन आढळले, तरी तिच्यातील लक्षणे किती तीव्र असतील हे आधी सांगता येत नाही. भारतात १९९४ च्या प्रसवपूर्व निदान तंत्राविषयीच्या कायद्याने ज्या कारणांसाठी अशा चाचण्यांना मुभा दिली आहे, त्यांत लिंगसंलग्न आनुवंशिक आजारांचा समावेश आहे. मात्र गर्भाचे लिंग सांगण्यास त्या कायद्याने मनाई आहे.

उपचार व शिक्षण

विकार समूळ बरा करणारा उपचार उपलब्ध नाही. फोलिक आम्ल दिल्याने सुधारणा होईल अशी आशा एके काळी होती, पण त्याचा निश्चित लाभ सिद्ध झाला नाही. अतिचंचलता, चिंता, आक्रमकता व झटके यांसाठी लक्षणांनुसार औषधे दिली जातात. वाक्‌उपचार, व्यवसायोपचार आणि वर्तनोपचार जितक्या लवकर सुरू होतील तितका उपयोग अधिक होतो. श्रवण, दृष्टी व हृदय यांची नियमित तपासणी आवश्यक असते.

अध्यापनात मुलाच्या सामर्थ्यांचा आधार घ्यावा लागतो. अक्षरे सुटी करून जोडत बसण्यापेक्षा चित्रासह संपूर्ण शब्द ओळखणे अनेकांना सोपे जाते. दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवणे, एका वेळी एकच छोटी सूचना देणे, वर्गात कमी वर्दळीच्या जागी बसवणे, बदलाची पूर्वकल्पना देणे आणि ‘माझ्याकडे बघ’ असा आग्रह न धरणे, या साध्या गोष्टींनी ताण कमी होतो. समवयस्कांचे अनुकरण करण्याची वृत्ती असल्यामुळे सर्वसाधारण शाळेतील सहवास या मुलांना लाभदायक ठरू शकतो.

भारतातील २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. फ्रॅजाइल एक्स संलक्षणाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. मात्र बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता या आधारे प्रमाणपत्र मिळू शकते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी जिल्हा पातळीवरील समितीमार्फत कायदेशीर पालक नेमता येतो. आपल्या पश्चात मुलाचे काय, या पालकांच्या चिंतेच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

संशोधन

१९९४ मध्ये एफएमआर१ जनुक निष्क्रिय केलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांच्यावरील प्रयोगांतून मार्क बेअर, किंबर्ली ह्यूबर व स्टीफन वॉरन यांनी २००४ मध्ये एक उपपत्ती मांडली. ग्लुटामेट या चेताद्रव्याच्या विशिष्ट ग्राहींची क्रिया एफएमआरपीच्या अभावी अनिर्बंध होते, असे तिचे सार आहे. ही क्रिया रोखणारी औषधे उंदरांमध्ये प्रभावी ठरली, परंतु माणसांवरील मोठ्या चाचण्यांत अपेक्षित लाभ दिसला नाही. २०१८ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतील मेथिल गट दूर करून मूक जनुक पुन्हा कार्यरत करण्यात यश आले. हे तंत्र अद्याप रुग्णोपचाराच्या टप्प्यावर आलेले नाही.

प्रसार

विकार सर्वत्र आढळत असला, तरी काही ठिकाणी तो एकवटलेला दिसतो. कोलंबियातील रिकाउर्ते या लहान गावात त्याचे प्रमाण जगातील ज्ञात प्रमाणांपैकी सर्वाधिक आहे. गाव वसवणाऱ्या मोजक्या कुटुंबांपैकी काहींमध्ये हा जनुकीय बदल असावा व पुढे तो वंशजांत पसरला असावा, असे संशोधक मानतात. इतरत्र विखुरलेल्या कुटुंबांत तो अनेकदा अनोळखीच राहतो. चाचणीची सोय आणि तिच्याविषयीची माहिती जेथे पोहोचते, तेथे निदान झालेल्या रुग्णांची संख्या वाढते.